दहा श्वासांना एक मणी

सेप्सिसचा इतिहास सांगायला केशोरीतून फार लांब जायला नको. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 पासून काम सुरू केलं. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दायांना दहाच्या पुढं मोजता येत नव्हतं. म्हणून एक साधन निघालं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. आपल्याला तर हा शोध मोठ्या यंत्रांच्या तोडीचा वाटतो.

पुढं 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायका नवजात बाळांचा सेप्सिस ओळखू लागल्या. रडणं मंदावलं, दूध ओढणं कमी झालं, अंग गार पडलं, अशा खुणांपैकी दोन एकत्र दिसल्या की उपचार सुरू. जेंटामायसिनचं इंजेक्शनही त्याच देत. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 वर आलं. हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं डिसेंबर 1999 मध्ये. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी.

आता मोठ्या माणसांकडं येऊ. संसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो आणि त्याचेच अवयव निकामी होऊ लागतात, तो सेप्सिस. 2016 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी प्रौढांसाठी तीन खुणा सुचवल्या: मिनिटाला 22 किंवा जास्त श्वास, भान हरपणं, वरचा रक्तदाब 100 किंवा कमी. इथंही दोन दिसल्या की सावध! मात्र 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी बजावलं, की एवढ्याच खुणांवर विसंबू नका. काही रुग्ण यातून निसटतात. रक्तदाब घसरलेला असेल, तर प्रतिजैविक तासाभरात आणि शिरेतून सलाईन, हेही त्यांनीच सांगितलं.

अडतं ते घरात. रोवणीत पायाला काही लागलं, चार दिवसांनी म्हातारा बरळायला लागला, की आपण म्हणतो, 'ताप डोक्यात गेला.' अंग गार असेल तर म्हणतो, 'ताप उतरला.' म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये ताप येतोच असं नाही. म्हणून 108 ला फोन करताना नुसतं 'बरं नाही' म्हणू नका. जखम कधीची, लघवी शेवटची कधी झाली, बोलणं कधीपासून बिघडलं, आणि घड्याळ समोर धरून मोजलेले मिनिटाचे श्वास किती, ते सांगा.