पूर्वजांचा शोध आणि कागदाचं मौन

 

एका साध्या प्रश्नाने सुरुवात करतो. आपल्या पणजोबांचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. छान, बरेच आहेत. आता पणजीचं नाव? बघा, निम्मे हात खाली गेले. आणि पणजीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव? तीन हात. मी माझा हात वर केलेला नाही, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

आजचा विषय हाच आहे. आपले पूर्वज कोण होते हे शोधायला निघालं की कागद फार लवकर संपतात. मग संपलेल्या कागदापुढे काय करायचं? मी तत्त्वज्ञानाचा माणूस, इतिहासाचा नव्हे. पण "पुरावा म्हणजे काय" हा प्रश्न आमच्याही घरचा आहे, म्हणून बोलण्याचं धाडस करतो.

याला निमित्त घरचंच आहे. माझा पुतण्या आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापायला निघाला आहे. मोठ्या कष्टाने त्याने वंशवृक्ष काढला, आणि वरच्या टोकाला पानिपतावर लढलेल्या एका सरदाराचं नाव लिहून मोकळा झाला. मी विचारलं, "अरे, मधल्या पाच-सहा पिढ्या कुठे आहेत?" तो म्हणाला, "काका, आडनाव तर तेच आहे ना!"

आता आडनाव तेच म्हणजे कूळ तेच, असं होत नाही. वेरूळमध्ये राहणाऱ्याला कुणी वेरूळकर म्हणत नाही. तो गाव सोडून दुसरीकडे गेला की लोक त्याला वेरूळकर म्हणतात. म्हणजे वेगवेगळ्या काळात गाव सोडलेली वेगवेगळी घरं एकाच आडनावाची होऊ शकतात. शिवाय जुन्या कागदांत पुष्कळदा आडनाव नसतंच, "राणोजी बिन तुकोजी" एवढंच असतं. बिन म्हणजे मुलगा. आणि आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. म्हणजे राणोजी बिन तुकोजी, मग तुकोजी बिन राणोजी, मग पुन्हा राणोजी बिन तुकोजी. हातातल्या कागदावरचा राणोजी आजोबा आहे की नातू, हे कागदावर साल नसेल तर कसं ठरवणार?

मग मी पुतण्याला आपल्याच परिसरातली तीन उदाहरणं सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

पहिलं पैठणचं. इथून पन्नासेक किलोमीटर. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट नावाचे विद्वान पैठण सोडून गेले आणि अखेर काशीत स्थिरावले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट, जन्म १५१३ चा, 'त्रिस्थलीसेतु'चे कर्ते. नारायणभट्टांचे पुत्र रामकृष्ण, त्यांचे दिनकर, आणि दिनकरभट्टांचे पुत्र गागाभट्ट, ज्यांनी १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक केला. दिनकरभट्टांचे धाकटे भाऊ कमलाकरभट्ट, 'निर्णयसिंधु'चे कर्ते. तो ग्रंथ १६१२ चा. पाच पिढ्या अशा सरळ मांडता येतात. का? कारण ही माणसं लिहिणारी होती. नारायणभट्टांच्या शंकरभट्ट नावाच्या मुलाने तर घराण्याचा इतिहासच संस्कृतात लिहून ठेवला, 'गाधिवंशानुचरित' म्हणून. लेखणी घरात असेल तर वंशावळ टिकते.

दुसरं वेरूळचं. भोसल्यांचं घराणं. वेरूळचे पाटील बाबाजी, त्यांचे पुत्र मालोजी आणि विठोजी, मालोजींचे शहाजी आणि शरीफजी. इथपर्यंत वाट बरीच स्वच्छ आहे. बाबाजींच्या मागे गेलं की धुकं सुरू होतं. राज्याभिषेकाच्या वेळी कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदियांशी जोडला गेला. काही अभ्यासकांनी तो मानला, काहींनी नाकारला, रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या संशोधकाने दक्षिणेकडे बोट दाखवलं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवला, पण तो १८०३ मध्ये. बाबाजींनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी. दगडावर कोरलं म्हणून मजकूर जुना होत नाही. दगड फक्त टिकाऊ असतो.

बाकीचं सोडा, शहाजीराजांच्या जन्मसालावर एकमत नाही. खुद्द शिवाजी महाराजांची जन्मतिथी घ्या. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही परंपरेने चालत आलेली. पुढे जेधे शकावली उजेडात आली, टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. त्यावर किती दशकं वाद चालला हे आपल्याला ठाऊक आहे. ज्या पुरुषाचं नाव महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला माहीत, त्याची ही गत. मग तुमच्या-माझ्या खापरपणजोबांना कोण विचारतो?

तिसरं उदाहरण आपल्या शहराचंच. १६१० मध्ये खडकी वसवली मलिक अंबरने. खुलताबादला त्याची कबर आहे. हा माणूस हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला. बाजारात विकत घेणारा मुलाची किंमत लिहितो, त्याची वंशावळ लिहीत नाही. अमेरिकेत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथे वसाहतकाळापासून गोऱ्या कुटुंबांचे जन्म, लग्नं, मृत्युपत्रं गावोगावच्या दप्तरांत सापडतात. तीही तुटकच, पण सापडतात. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत मात्र गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचं नाव, आणि पुढे गुलामाचं वय, लिंग, रंग. बहुतेक ठिकाणी नाव नाहीच. म्हणून कृष्णवर्णीय कुटुंबं मागे शोधत गेली की १८७० च्या शिरगणतीपाशी थडकतात. त्याला ते लोक भिंतच म्हणतात.

या तिन्ही उदाहरणांतून काय दिसतं? वंशावळ सांगण्यासाठी म्हणून फारच थोडे कागद लिहिले गेले. एरवी कागद लिहिला जातो तो काही कामासाठी. पाटीलकीचं भांडण झालं की दोन्ही बाजू आपापली तकरीर द्यायच्या, वतन कुठून आलं याचा करीना लिहायच्या, गोतसभा बसायची, महजर व्हायचा. त्या कागदांत चार-पाच पिढ्या सहज सापडतात. म्हणून मी गमतीने म्हणतो, ज्यांचं भांडण झालं त्यांचीच वंशावळ टिकली. जे गुण्यागोविंदाने नांदले ते दप्तरातून नाहीसे झाले. आणि ज्यांच्याकडे भांडायला वतनच नव्हतं, त्यांचं काय विचारता!

मराठवाड्यात याच्यात भर पडली. इथला कारभार आधी फारसीत, १८८४ पासून उर्दूत. घरगुती कागद मोडीत. म्हणजे एकाच कुटुंबाचा माग काढायला तीन भाषा हव्यात. १८८१ ची शिरगणती आहे, पण तिच्या छापील अहवालात संख्या असतात, नावं नसतात. शेतजमीन असेल तर सेतवार, पुढे खासरा पाहणी पत्रक, शाळेत गेला असेल तर प्रवेश-निर्गम उतारा. जमीन नाही, शाळा नाही, तर उतारा कशाचा काढणार?

अलीकडे हा प्रश्न हजारो घरांचा झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ते महत्त्व आलं. आरक्षण कुणाला मिळावं यावर मी आज बोलणार नाही, तो आजचा विषय नाही. पण त्या दिवसांत एक शेतकरी मला भेटले होते. म्हणाले, "सर, चुलत्याच्या घरात नोंद निघाली, आमच्या घरात नाही निघाली. मग आम्ही कोण?"

या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर माझ्या विषयाकडे यावं लागतं. मीमांसेत कुमारिल भट्टांच्या परंपरेत सहा प्रमाणं मानतात. त्यातलं सहावं अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं. एखादी गोष्ट नाही, हे आपल्याला कसं कळतं? ती दिसत नाही यावरून. जमिनीवर घागर नाही, हे घागर न दिसण्यावरून कळतं. पण थांबा. खोलीत अंधार असेल आणि घागर दिसली नाही, तर "घागर नाही" असं म्हणता येईल का? नाही. म्हणून शास्त्रकारांनी अट घातली, अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे ती वस्तू तिथे असती तर नक्की दिसली असती, अशी परिस्थिती हवी. तरच तिचं न दिसणं हा पुरावा.

आता हे कागदाला लावून बघा. नोंद नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. आधी विचारायचं की हा माणूस असता तर या कागदाने त्याला लिहिलं असतं का? खातेदारांच्या यादीत धाकट्या भावाचं नाव नाही, तर तो जन्मलाच नाही असं नव्हे. थोरल्याच्या नावाने खातं असायचं. त्या शेतकऱ्यांना मी एवढंच म्हणालो, "नोंद मिळाली नाही म्हणजे तुम्ही कुणी नाही, असं होत नाही. तो कागद तुमच्याबद्दल गप्प आहे, एवढंच." त्यांना प्रमाणपत्र द्यायला हे पुरेसं नव्हतं, हे मला कळत होतं. पण ते जरा वेळ बसले, चहा घेतला.

बरं, ही अट दोन्ही बाजूंनी कापते. कागद गप्प आहे म्हणून "ते नव्हते" म्हणता येत नाही, तसंच "ते पानिपतावर होते" असंही म्हणता येत नाही. माझ्या पुतण्याची चूक ही. अंधारात घागर दिसत नाही, तर सोन्याची घागर असेल असं तो धरून चालला.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

आमचं गाव पैठण तालुक्यातलं. कुलवृत्तांतासाठी पुतण्याबरोबर मी नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. त्यांच्याकडच्या नामावळी तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील. लांबट वह्या, गावानुसार लावलेल्या. यजमान कोणाचा यावर वाद होऊ नये म्हणून ठेवलेल्या. हाही एक कामाचाच कागद. गुरुजींनी पान काढलं. शके १८२२, कार्तिक महिना. म्हणजे १९०० सालची अखेर. मोडीत माझ्या पणजोबांचं नाव, गाव, भावांची नावं, मुलांची नावं. आणि खाली एक ओळ, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले.

मातोश्री. एवढंच. नाव नाही.

पुतण्या लगेच म्हणाला, "काका, १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ! त्यात गेल्या असणार. लिहून टाकू." मी म्हटलं, थांब. दुष्काळ खरा, साल जुळतं, पण म्हातारं माणूस दुष्काळाशिवायही जातं. हे लिहायचं नाही.

पण एक गोष्ट मात्र मला त्या ओळीवरून ठामपणे म्हणता आली. मीमांसेत अर्थापत्ती नावाचं आणखी एक प्रमाण आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही आणि तरी धष्टपुष्ट आहे, तर तो रात्री जेवत असलाच पाहिजे. त्याशिवाय जे दिसतं त्याची संगती लागत नाही. आता बघा, अस्थी घेऊन मुलगा रामकुंडावर आला. पिंड दिला. पिंड देताना नाव उच्चारावं लागतं, गोत्र उच्चारावं लागतं. नाव ठाऊक असताना ते घेतल्याशिवाय तो विधी होत नाही. म्हणजे त्या दिवशी गोदावरीच्या काठी गुरुजींनी विचारलंच असणार, "मातेचं नाव?" आणि माझ्या पणजोबांनी ते मोठ्याने सांगितलंच असणार. नाव होतं. उच्चारलं गेलं. वहीला त्याची गरज नव्हती, म्हणून लिहिलं गेलं नाही.

गागाभट्ट स्वतः याच मीमांसेचे पंडित, 'भाट्टचिंतामणि' त्यांचाच. पैठणच्या त्या विद्वान घराचं हत्यार पैठण तालुक्यातल्या एका अनाम बाईसाठी वापरायला मिळालं, याचं मला समाधान आहे.

कुलवृत्तांत अजून छापायचा आहे. पुतण्याशी माझा करार झालाय. सरदाराचं नाव काढायचं. आणि पणजोबांच्या वर, जिथे आईचं नाव यायचं, तिथे एक रेघ मारून जागा मोकळी ठेवायची. खाली लिहायचं, "नाव होते, नोंदलेले नाही." तो म्हणाला, "काका, छापील पुस्तकात रिकामी रेघ बरी दिसत नाही." मी म्हटलं, असू दे.

तुम्हाला एकच विनंती. आज घरी गेल्यावर, आई असेल तर तिला, नाहीतर मावशीला, आत्याला फोन करा. आजीचं माहेरचं नाव विचारा, तिच्या आईचं नाव विचारा, आणि तारीख घालून लिहून ठेवा. कुणी सांगितलं तेही लिहा. हे काम दप्तरखान्यात होणार नाही.

 आता प्रश्न असतील तर घेऊ.