तराजूवाली मोहर आणि ८७ दिवसांचा बादशहा

आज आपण सोन्याच्या एका नाण्याची गोष्ट ऐकू. नाणं आहे रोमचं, इ.स. १९३ सालचं. वजन साधारण ७ ग्रॅम, म्हणजे एक तोळाही भरत नाही. एका बाजूला लांब दाढीचा म्हातारा बादशहा, पर्टिनॅक्स त्याचं नाव. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी आहे. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग. ही रोमन लोकांची रास्त व्यवहाराची देवी. पर्टिनॅक्सच्या मोहरांवर दुसऱ्याही देवी आहेत, पण आम्हाला ही तराजूवाली जास्त जवळची वाटली. हिशेबाच्या वहीशी आपलंही नातं आहे ना!

अशा मोहरा फार थोड्या उरल्यात, कारण त्याचं राज्यच ८७ दिवस टिकलं.

पर्टिनॅक्सचा बाप एके काळी गुलाम होता, पुढे सुटला. मुलगा शाळामास्तर झाला, पण त्या कमाईत भागेना म्हणून फौजेत गेला. चढत चढत ब्रिटनचा सुभेदार झाला, मग रोम शहराचा कारभारी. १९२ सालच्या शेवटच्या रात्री उधळ्या बादशहा कोमोडसचा खून झाला आणि ६६ वर्षांच्या या माणसाला गादीवर बसवलं.

आता तिजोरी बघा. तेव्हाचा इतिहासकार डिओ, जो स्वतः दरबारात बसायचा, तो सांगतो की तिजोरीत दहा लाख सेस्टर्स होते. शंभर सेस्टर्सची एक मोहर, म्हणजे १०,००० मोहरा. राजवाड्याच्या पहारेकरी फौजेला कबूल केले होते माणशी १२,००० सेस्टर्स, म्हणजे १२० मोहरा. भागाकार करा. ८३ शिपायांनाच पुरतील एवढा पैसा, आणि शिपाई तर हजारो!

मग त्याने कोमोडसचे रेशमी कपडे, रथ, हत्यारं लिलावात काढली. पडीक जमीन कसेल त्याची, वर १० वर्षं सारा माफ, असा हुकूम काढला. सरकारी मालमत्तेवर माझं नाव घालू नका, ती सगळ्यांची आहे, असं सांगितलं. रोजच्या वापरातल्या चांदीच्या नाण्यात आधीच्या बादशहांनी भेसळ वाढवली होती. याने त्यात चांदी वाढवली. त्या नाण्याचं नाव डिनारियस. आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथांतला ‘दीनार’ शब्द त्यावरूनच आलाय.

बायकोला, टिटियानाला, दरबार महाराणीचा किताब देत होता. तोही याने घेऊ दिला नाही. तिला विचारलं होतं का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. आम्हाला तेवढं खटकतं.

पहारेकऱ्यांची लूट आणि मौज बंद झाली, ते चिडले. २८ मार्चला दोनशेक जण तलवारी घेऊन वाड्यात घुसले. पळता आलं असतं, पण म्हातारा त्यांच्यासमोर जाऊन बोलू लागला. काहींनी शरमेने तलवारी म्यान केल्या. एकाने केली नाही. डिओच्या मते त्याची चूक एवढीच की सगळं एकदम सुधारायला गेला. आम्हाला हे पुरतं पटत नाही. रिकामी तिजोरी थांबायला वेळ देत नाही.

त्यानंतर पहारेकऱ्यांनी गादीचाच लिलाव मांडला. पर्टिनॅक्सच्या सासऱ्याने माणशी २०,००० सेस्टर्सची बोली लावली. डिडियस जुलियानस नावाच्या धनवानाने २५,००० म्हटले आणि गादी घेतली. तो ६६ दिवस टिकला.

मग सेव्हेरस फौज घेऊन रोमला आला. त्याने ते पहारेकरी हाकलले आणि पर्टिनॅक्सचा मेणाचा पुतळा करून थाटात अंत्यविधी केला. पुतळा जणू झोपलाय, म्हणून एक पोरगा मोरपिसांनी माश्या वारत होता. पुढे त्याच सेव्हेरसने नाण्यातली चांदी पुन्हा कमी केली.