टायर अजून चालतील...

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या नातवाने एक जुनी, पण वेगाला भारी असलेली गाडी घेतली. इंजिनाचं कौतुक तासभर चाललं. मी टायरांचा विषय काढला, तर म्हणाला, "आजोबा, अजून सहज चालतील. मित्राच्या गाडीचे याहून जुने आहेत, त्याला काही झालंय का?" हे ऐकलं आणि मला अ‍ॅडलेडची शर्यत आठवली.

२६ ऑक्टोबर १९८६. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरात फॉर्म्युला वनची त्या मोसमातली शेवटची शर्यत, ८२ फेऱ्यांची. विश्वविजेतेपदासाठी तिघे झुंजत होते. नायजेल मॅन्सेल ७० गुण, अ‍ॅलन प्रॉस्ट ६४, नेल्सन पिके ६३. मॅन्सेलला तिसरा क्रमांकही पुरेसा होता.

३२व्या फेरीत प्रॉस्टचा टायर पंक्चर झाला. टायर बदलण्यात वेळ गेला, तो मागे पडला. त्याचे काढलेले टायर तंत्रज्ञांनी तपासले. झीज फारशी नव्हती. मग निष्कर्ष निघाला, की बाकीच्यांचे टायरही शेवटपर्यंत टिकतील.

इथेच गणित चुकलं. प्रॉस्टची गाडी हाकण्याची पद्धत मऊ, टायरला जपणारी. शिवाय त्याचे टायर अर्धी शर्यतही धावले नव्हते. एका मुलाची वही तपासून साऱ्या वर्गाचा निकाल लावावा, तसलाच हा प्रकार! त्यात शर्यतीचे टायर गुळगुळीत, नक्षी नसलेले. किती झिजले ते चालकाला कळणार कसं?

६३व्या फेरीत आघाडीवरच्या केके रॉसबर्गला मागून खडखडाट ऐकू आला. इंजिन गेलं असं समजून त्याने गाडी बाजूला घेतली. उतरून पाहतो तर इंजिन ठणठणीत, मागच्या टायरचे थर सुटत होते! पुढच्याच फेरीत मॅन्सेलचा मागचा डावा टायर फुटला. वेग ताशी २९० किलोमीटरच्या आसपास. डगमगणारी गाडी त्याने कशीबशी सावरली. जीव वाचला, विजेतेपद गेलं. पिकेला मग खबरदारी म्हणून टायर बदलायला बोलावलं. शर्यत प्रॉस्टने जिंकली आणि विश्वविजेतेपदही, अवघ्या दोन गुणांनी. ज्याच्या पंक्चरची हळहळ वाटली, त्यालाच ते पंक्चर पावलं! मॅन्सेलला विजेतेपदासाठी १९९२पर्यंत थांबावं लागलं.

टायर वेगात सतत दबतो, तापतो. रबर झिजून पातळ झालं, की आतल्या थरांवर ताण येतो. आपल्या टायरांना निदान खाचा असतात. त्या पावसाचं पाणी बाजूला सारतात आणि किती झीज झाली तेही दाखवतात. पण वाकून बघायला हवं ना!

त्या मैदानावर गाडी सावरायला मोकळी जागा होती आणि हात मॅन्सेलचे होते. आपल्या हमरस्त्यावर समोरून ट्रक येत असतो.

असो. नातू हे वाचेलच. बाळा, टायरांचे पैसे मी देतो. मित्राच्या गाडीकडे नको, आपल्या गाडीकडे बघ.