दुकानावरची माडी
धंदा आणि वस्ती एकाच छताखाली आणणारी आजची बहुमजली संकुले नवी वाटत असली, तरी पांढुर्णा आणि सौसर या कापूस-संत्र्यांच्या मराठीभाषक गावांच्या पेठांनी ही सांगड दुमजली घरांत आधीच घातली होती. रस्त्यालगत ओटा, म्हणजे गिऱ्हाइकाला टेकता येईल असा चौथरा, त्यामागे सुट्या फळ्या खाचेत सरकवून बंद करायचे दुकान आणि वर माडी, म्हणजे कुटुंबाचा राहता मजला, अशी ही मांडणी असे. भार सागवानी खांब-तुळयांवर असल्याने उंची मर्यादित राही. सिमेंट-सळ्यांच्या सांगाड्याने ती मर्यादा हटवली, पण दुकान आणि घर यांतली जवळीक विरळ केली, हे नुकसान लहान नाही. २०२३ मध्ये स्वतंत्र झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याने उरलेल्या माड्यांची मोजमापांसह नोंद तातडीने करावी.