भिस्त जुन्या गड्यावर

फेब्रुवारी 1959. दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर वेस्ट इंडिजविरुद्धची पाचवी कसोटी तोंडावर आलेली आणि भारतीय संघ एकाच मालिकेतला चौथा कर्णधार शोधत होता. मुंबईच्या कसोटीत पॉली उम्रीगर कर्णधार होते, कानपूर आणि कोलकात्यात गुलाम अहमद. मद्रासला पुन्हा उम्रीगर असणार होते, पण संघात कोणाला घ्यायचे यावरून सामन्याच्या तोंडावर त्यांनी राजीनामा दिला आणि विनू मांकड उभे राहिले. तोवर लागोपाठ तीन कसोट्या हरून झाल्या होत्या. वेस्ट इंडिजच्या हॉल आणि गिलख्रिस्टच्या वेगवान चेंडूंनी फलंदाजांची झोप उडाली होती. अशा वेळी निवड समितीने बोट ठेवले ते हेमू अधिकारी यांच्या नावावर.

अधिकारी मूळ पुण्याचे, लष्करातले अधिकारी, वय 39. मैदानावरचे त्यांचे दिवस सरल्यासारखेच होते. पण संकटात उभा राहणारा माणूस ही त्यांची ख्याती जुनी होती. 1952 मध्ये याच दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध त्यांनी गुलाम अहमद यांच्यासोबत शेवटच्या जोडीसाठी 109 धावा जोडल्या होत्या आणि स्वतः 81 वर नाबाद राहिले होते. 1959 मध्ये त्यांनी 63 आणि 40 धावा केल्या, शिवाय तीन बळीही घेतले. पुण्याच्याच तरुण चंदू बोर्डे यांनी त्या सामन्यात 109 आणि 96 धावा केल्या. कसोटी अनिर्णित राहिली. तीन पराभवांनंतर तेवढेही पुष्कळ होते.

त्यानंतर अधिकारी पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच वर्षी उन्हाळ्यात भारतीय संघ दत्ताजीराव गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेला आणि पाचही कसोट्या हरून परतला. म्हणजे जुन्या माणसाने एक सामना सावरला, पण संघ जिथे होता तिथेच राहिला.

जुन्या, अनुभवी राखीव गड्यावर संघाने किती भिस्त ठेवावी, हा वाद सगळ्यात जोरात रंगतो तो अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथला क्वार्टरबॅक हा संघाच्या प्रत्येक चढाईचा सूत्रधार. मैदानावर एका वेळी एकच, त्यामुळे त्याचा राखीव भिडू वर्षभर बाकावर बसून असतो आणि पहिला जखमी झाला की एकदम सगळा भार त्याच्यावर येतो. या प्रकारातला सर्वांत गाजलेला माणूस म्हणजे अर्ल मोरल. 1968 मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सचा प्रख्यात जॉनी युनिटास दुखावला, मोरलने संघ सांभाळला आणि त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. पण जानेवारी 1969 मधल्या सुपर बोल या अंतिम सामन्यात पूर्वार्धातच त्याचे तीन फेक प्रतिस्पर्ध्यांनी झेलले आणि प्रशिक्षक डॉन शूलाने उत्तरार्धात दुखऱ्या हाताच्या युनिटासलाच परत बोलावले. सामना 16-7 असा गेला.

खरी मजा चार वर्षांनी झाली. शूला तोवर मायामी डॉल्फिन्सकडे गेला होता. त्याने याच मोरलला, दुसऱ्या संघाने सोडून दिलेला असताना, अवघ्या 100 डॉलरच्या शुल्कावर उचलले. 1972 च्या पाचव्या सामन्यात मायामीचा बॉब ग्रीसी पाय मोडून बाहेर गेला. मोरल तेव्हा 38 वर्षांचा. त्याने तो सामना पुरा केला आणि हंगामातले उरलेले नऊही सामने जिंकून दिले. मात्र उपांत्य सामन्यात संघ अडखळू लागताच शूलाने मध्यंतरानंतर बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवले आणि अंतिम सामनाही त्याच्याकडूनच खेळवला. मायामीने त्या वर्षी 17 पैकी 17 सामने जिंकले. शूलाची खरी अक्कल मोरलला घेण्यात जेवढी होती, तेवढीच त्याला वेळेवर बाजूला करण्यात होती.

क्रिकेटमध्ये ही सोयच नव्हती. बारावा खेळाडू क्षेत्ररक्षण करू शकतो. फलंदाजी आणि गोलंदाजी त्याला वर्ज्य. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण खेळाडू घेण्याची मुभा कसोटीत आली ती थेट ऑगस्ट 2019 मध्ये. कबड्डीत सात जण मैदानात आणि पाच बाहेर असतात, चालू सामन्यात बदल करता येतो. क्रिकेटमध्ये मात्र राखीव गडी सामना सुरू होण्याआधीच ठरवावा लागतो. म्हणून तिथे ‘राखीव’ हे बाकावरचे आसन राहत नाही, माणसाच्या कारकिर्दीची ती अवस्था होते: घरी बसलेला, दौऱ्यातून वगळलेला, कधीतरी तार येईल म्हणून सराव करणारा.

अशी तार सर्वांत फळली ती एम. एल. जयसिंहा यांना. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळससारख्या गावाला त्यांचे नाव परके असू नये. आज पूर्णा तालुक्यात असलेले हे गाव निजामाच्या राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात येईपर्यंत त्याची राजधानी हैदराबादच होती. या भागातल्या जुन्या पिढीची नजर खेळाच्या बाबतीतही पुण्या-मुंबईआधी तिकडे वळत असणार. हैदराबाद सिटी पोलीसच्या फुटबॉल संघाने मुंबईला येऊन 1950 ते 1954 असा सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक नेला, तो याच काळात. आणि क्रिकेटमध्ये हैदराबाद म्हणजे जयसिंहा: उभी कॉलर, रेशमी फटके, आणि पतौडीही ज्यांच्या हाताखाली खेळले असा कर्णधार.

1967-68 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर जयसिंहांना नेले नव्हते. दौरा सुरुवातीपासूनच बिनसला. ॲडलेडच्या पहिल्या कसोटीत कर्णधार पतौडी दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत, तेव्हा चंदू बोर्डे कर्णधार झाले आणि भारत 146 धावांनी हरला. पुढे फिरकीपटू चंद्रशेखर जायबंदी होऊन परतले आणि त्यांच्या जागी जयसिंहांना बोलावणे गेले. ते विमानातून उतरले आणि फारसा सराव न करता जानेवारी 1968 मध्ये ब्रिस्बेनच्या तिसऱ्या कसोटीत उभे राहिले. पहिल्या डावात 74, दुसऱ्यात 101. भारत ती कसोटी अवघ्या 39 धावांनी हरला. चार कसोट्यांच्या त्या मालिकेत विजयाच्या इतक्या जवळ भारत पुन्हा गेला नाही.

इथवर वाचून कोणीही म्हणेल, मग जुना गडी घ्यावाच. पण जयसिंहांचीच पुढची गोष्ट पाहावी. 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यावर अनुभवी सल्लागार फलंदाज म्हणून त्यांना नेले. कर्णधार अजित वाडेकरांना त्यांचा सल्ला मोलाचा वाटला असेलही, पण त्यांच्या बॅटीतून धावा काही फारशा आल्या नाहीत. त्याच संघात दुसरा एक जुना माणूस होता, ज्याचे नाव जवळजवळ कापलेच गेले होते: मडगावचे दिलीप सरदेसाई. वाडेकरांनी आग्रह धरला म्हणून ते गेले. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत सुनील गावसकर बोटाच्या दुखण्यामुळे बाहेर होते. 5 बाद 75 अशी अवस्था असताना सरदेसाईंनी एकनाथ सोलकरांना हाताशी धरून 137 धावांची भागीदारी केली आणि स्वतः 212 काढल्या. पुढे वेस्ट इंडिजचा डाव 217 वर आटोपला. पहिला दिवस पावसात गेल्याने सामना चार दिवसांचा धरला गेला होता, त्यामुळे 150 धावांची आघाडीही फॉलोऑनला पुरत होती. वाडेकरांनी वेस्ट इंडिजचा कर्णधार सोबर्सला तो नियम ऐकवला. मालिकेत सरदेसाईंनी 642 धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडिजविरुद्धची पहिली मालिका जिंकली. 1972 च्या डिसेंबरात सरदेसाई शेवटची कसोटी खेळूनही झाले होते. एवढ्याशा काळात त्यांनी जे दिले ते अनेकांच्या दहा वर्षांत होत नाही, पण काळ एवढासाच होता.

दोघेही अनुभवी, दोघेही एकाच दौऱ्यावर, मग फरक कशाचा? प्रस्तुत लेखकाला वाटते, कामाचा. सरदेसाईंना कोसळणारा डाव सावरायला उभे केले गेले. जयसिंहांकडे 1968 मध्ये तेच काम होते, 1971 मध्ये मात्र ते संघातली वडीलधारी व्यक्ती होते. वडीलधारेपण हे काही फलंदाजीतले स्थान नव्हे.

बॉब सिम्पसनचे उदाहरण तर भारतीयांनी पराभव पत्करून शिकलेले आहे. 1977 मध्ये केरी पॅकरने आपल्या खासगी स्पर्धेसाठी ऑस्ट्रेलियाचे बिनीचे खेळाडू पळवले. बिशनसिंग बेदींचा भारतीय संघ दारात उभा होता. मंडळाने दहा वर्षे कसोटीपासून दूर असलेल्या 41 वर्षांच्या सिम्पसनला कर्णधार म्हणून परत बोलावले. त्याने पर्थला 176, ॲडलेडला 100 आणि मालिकेत 539 धावा केल्या. ऑस्ट्रेलियाने मालिका 3-2 अशी जिंकली. लगेच तोच संघ वेस्ट इंडिजला गेला, तिथल्या तोफखान्यापुढे सिम्पसनची बॅट मुकी झाली आणि मालिका 3-1 अशी गेली. फिरकीपुढे जो अनुभव सोने ठरला, तो वेगापुढे चालला नाही. एका मालिकेचा उपाय दुसऱ्या मालिकेपर्यंत ताणला, एवढीच चूक.

महाराष्ट्राला मात्र या बाबतीत थोडे हळवे असण्याचे कारण आहे, आणि त्या कारणाचे नाव प्रा. दि. ब. देवधर. 1892 साली जन्मलेल्या या संस्कृतच्या प्राध्यापकांनी 1939-40 आणि 1940-41 असे लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. 1940 साली पुण्यात मुंबईविरुद्ध महाराष्ट्राच्या 675 धावांत 246 एकट्या देवधरांच्या, वय 48. मुंबईने 650 पर्यंत मजल मारली आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. पन्नाशी ओलांडल्यावर, 1944 मध्ये, त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. पण देवधर हे राखीव नव्हतेच, ते रोजचे कर्णधार होते. त्यांना कोणी संकटात घरून बोलावले नव्हते. तरीही ‘वयाचे काय घेऊन बसलात’ या युक्तिवादासाठी त्यांचे नाव हमखास पुढे केले जाते. विजय मर्चंट यांनीही चाळिशीत, 1951 साली दिल्लीला, शेवटच्या कसोटीत 154 धावा केल्या होत्या. पुढे निवड समितीचे अध्यक्ष झाल्यावर मात्र त्यांनीच 1969 मध्ये सोलकर, विश्वनाथ अशा पोरसवदा खेळाडूंना दारे उघडली.

मुंबईच्या पद्माकर शिवलकरांची कथा या सगळ्याच्या पलीकडची आहे. 124 प्रथम श्रेणी सामन्यांत 589 बळी, प्रत्येक बळीमागे वीसहून कमी धावा. 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूला 16 धावांत 8 आणि 18 धावांत 5 बळी असे लोळवले. पण डावखुऱ्या फिरकीची भारतीय संघातली एकुलती जागा बिशनसिंग बेदींनी अडवलेली, आणि शिवलकर आयुष्यभर राखीवच राहिले. एकही कसोटी नाही. अशा माणसाला मुंबईने 1987-88 च्या हंगामात, निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी, 47 व्या वर्षी पुन्हा रणजीसाठी बोलावले. ते आले, दोन सामने खेळले. तो त्यांचा गौरव खरा. पण मुंबईच्या दृष्टीने ती कणगी रिकामी झाल्याची खूण होती. 1984-85 मध्ये रणजी जिंकलेल्या मुंबईला पुढचा करंडक थेट 1993-94 मध्ये मिळाला.

शिवलकर बोलावताच येऊ शकले, याचे श्रेय मुंबईच्या एका जुन्या व्यवस्थेला आहे. 1948 पासून भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्ट्यांवर चालणारी कांगा लीग, आणि कंपन्यांच्या संघांमध्ये रंगणारी टाइम्स शील्ड. रणजीतून बाहेर पडलेला खेळाडू तिथे पन्नाशीपर्यंत चेंडू टाकत राहतो. सिम्पसनही मधल्या दहा वर्षांत सिडनीच्या क्लब क्रिकेटमध्ये खेळतच होता. राखीव माणूस उपयोगी पडतो तो जुना आहे म्हणून नव्हे. कुठेतरी खेळत असतो म्हणून. याला अपवाद म्हणून 1986 ची लॉर्ड्स कसोटी सांगतात. इंग्लंडचा यष्टिरक्षक ब्रूस फ्रेंच हॅडलीच्या चेंडूने जखमी झाला, तेव्हा पाहुण्यांच्या तंबूत बसलेल्या 45 वर्षांच्या निवृत्त बॉब टेलरला ग्लोव्ह्ज देऊन उतरवले गेले. न्यूझीलंडचा कर्णधार जेरेमी कोनीने मोठ्या मनाने परवानगी दिली. टेलरने सफाईने काम केले; पण त्याला फलंदाजी करायची नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी संघाने बॉबी पार्क्सला आणले.

ताडकळस, पूर्णा, परभणी या पट्ट्यात कांगा लीग नाही. सुगी आटोपली की टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात, रोख बक्षिसे असतात, आणि तिशी ओलांडलेला खेळाडू बहुधा पंच किंवा समालोचक होतो. मग ऐन उपांत्य फेरीत यष्टिरक्षकाचे बोट निखळले की गावाला तोच आठवतो, आणि वर्षभर बॅट न धरलेल्या माणसाने सामना जिंकून द्यावा अशी अपेक्षा होते. संघ निवडणाऱ्या मंडळींनी अशा एका-दोघांना पहिल्यापासून नावनिशी संघात घ्यावे, साखळीतला निदान एक सामना खेळवावा, त्यांचे नेमके काम सांगावे आणि मूळ गडी बरा झाला की त्याला परत घेणार हेही तोंडावर सांगावे. हे सगळे ठरवायचे ते प्रवेश फी भरताना, उपांत्य सामन्याच्या सकाळी नव्हे.