सकाळची राखुंडी ते रात्रीचा ब्रश



‘दाढ किडली’ असं आपण सहज म्हणतो. पण दातात खरंच किडा असतो का? पूर्वी लोकांना तसंच वाटायचं. आपल्याकडेच नाही, तर बाबिलोनपासून चीन आणि युरोपापर्यंत हीच समजूत होती. मग 1890 साली, बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी एक पुस्तक लिहिलं आणि दात कसा किडतो ते मांडलं. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. आपल्या खाण्यातली साखर आणि पीठ दातांना चिकटून राहतं, जंतू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं कवच पोखरतं. म्हणजे दात किडतो तो दाताला चिकटून राहिलेल्या घासामुळे.

आता आपल्या जुन्या सवयी बघू. बाभळीची नाहीतर कडुनिंबाची काडी चावायची, तिचा कुंचला करायचा आणि दात घासायचे. काडी नसेल तर चुलीतली राख, कोळशाची पूड, मीठ. हे सगळं सकाळी, तोंड धुताना. रात्रभर तोंडाला आलेला वास जावा, तोंड स्वच्छ करूनच अन्नपाण्याला लागावं, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच होता. पण गंमत अशी, की चरकसंहितेत दात घासायला दिवसातून दोन वेळा सांगितलं आहे, आणि हिरड्यांना इजा होऊ न देता घासा असंही सांगितलं आहे. आपण सकाळची वेळ धरून ठेवली आणि दुसरी वेळ सोडून दिली.

तरी आजीचे दात टिकले, मग आपले का टिकत नाहीत, असं कुणी विचारेल. सगळ्याच आज्यांचे दात टिकले नव्हते, हे खरं. पण तेव्हा साखर महाग होती, गोडधोड सणावाराला व्हायचं. 1950 च्या सुमारास प्रवरेच्या परिसरात, लोणीजवळ, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे असे अनेक कारखाने झाले. गावात पैसा आला, शाळा-कॉलेजं आली. त्याच काळात साखरेचा चहा घरोघरी दिवसातून तीन-चार वेळा होऊ लागला. मग बिस्किटं आली, मुलांच्या हातात गोळ्या-चॉकलेटं आली. खाणं बदललं, पण दात घासायची वेळ तीच राहिली.

इथेच आपलं चुकतं. जागेपणी तोंडात लाळ सुटत असते. ती आम्लाचा जोर कमी करते, दात धुऊन काढते. झोपेत लाळ फार कमी होते. रात्रीची भाकरी, भात, वरून घोटभर चहा, हे सगळं दातांना तसंच ठेवून आपण झोपलो, की जंतूंना अख्खी रात्र मोकळी मिळते. सकाळी कितीही घासलं तरी रात्रीचं नुकसान भरून येत नाही. म्हणून एकच वेळ जमणार असेल, तर ती रात्री झोपण्याआधीची ठेवा. दोन्ही वेळा जमलं तर फारच उत्तम.

घासायचं कशाने? पूर्वी ब्रशला डुकराचे राठ केस लावायचे. 1938 साली अमेरिकेत नायलॉनच्या तारांचा ब्रश आला आणि पुढे तो स्वस्तही झाला. आज मऊ ब्रश घ्यावा. राख आणि विटकरीची पूड खरखरीत असते, दाताचं कवच झिजवते. पेस्ट फ्लोराइडची असावी. त्याचीही एक गोष्ट आहे. 1901 च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी फ्रेडरिक मॅके या दंतवैद्याला लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले, पण ते दात किडत मात्र कमी होते. पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हे होतं, हे 1931 साली कळलं. थोडं फ्लोराइड दात राखतं, जास्त झालं तर डाग पाडतं आणि हाडंही बिघडवतं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. तिथे पाणी तपासून घ्या आणि लहान मुलांच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता पद्धत. दोन मिनिटं, हलक्या हाताने, दाढांच्या मागेसुद्धा घासा. मग फेस थुंकून टाका, पण लगेच खळखळून चूळ भरू नका. पेस्टचा अंश दातांवर राहिला तर त्याचा जास्त उपयोग होतो. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. मुलांनी ती गिळू नये, म्हणून जवळ उभं राहा.

आणि मिश्रीबद्दल बोलायलाच हवं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती लावली की दुखणं थोडा वेळ दबतं, म्हणून औषध वाटते. पण आत कीड वाढतच असते, हिरड्या सुटतात, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. पोटुशी बाई मिश्री लावत असेल तर बाळाचं वजनही कमी भरू शकतं. 1992 साली सरकारने पेस्टमध्ये आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर कोण बंदी घालणार? ती आपणच सोडायची. एकटीला जड जातं, म्हणून गटातल्या दोघी-तिघींनी मिळून सोडा.

घरात सगळ्यांची जेवणं उरकून, भांडी घासून, विरजण लावून आपण सगळ्यात शेवटी आडव्या होतो. तेव्हा अंग इतकं दमलेलं असतं, की स्वतःसाठी दोन मिनिटंही जड वाटतात. म्हणून ब्रश मोरीतच, भांड्यांच्या फळीवर ठेवा. शेवटचं भांडं पालथं घातलं की हात आपोआप ब्रशकडे जाईल. पोरांनाही तेव्हाच हाक मारा. आणि पुढच्या गटाच्या बैठकीत, हप्ते गोळा झाले की एकमेकींना विचारा, काल रात्री दात कुणी कुणी घासले?