फळांचा रस व सांधेदुखी (धाराशिव जिल्हा)

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात डाळिंब, द्राक्ष आणि ऊस ही रसाची तिन्ही पिके घेतली जातात. गुडघेदुखी व सांध्यांची सूज यांवर घरगुती उपाय म्हणून फळांचे रस सुचवले जातात. उपलब्ध पुराव्यावरून डाळिंबाचा दावा काही अंशी विचारात घेण्याजोगा ठरतो, मात्र तो आहार म्हणून. उपचार म्हणून कोणत्याही रसाची शिफारस करता येत नाही.

परंपरेचा आधार. या उपायाच्या समर्थनार्थ आयुर्वेदाचा हवाला दिला जातो. तो मुळातून तपासावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, चौथ्या अध्यायात, औषधी द्रव्यांचे दहा-दहांचे गण दिले आहेत. डाळिंब त्यांतील हृद्य (हृदयाला हितकर), छर्दिनिग्रहण (उलटी थांबवणारा) आणि श्रमहर (शीण घालवणारा) या गणांत येते. द्राक्ष व ऊसही श्रमहर गणात आहेत. सूज उतरवणाऱ्या शोथहर गणात मात्र या तिन्हींपैकी एकही नाही. तेथे दशमुळे आहेत. म्हणजे परंपरेने या रसांना दिलेले काम शीण घालवण्याचे आहे. ऊसतोडीत दिवसभर कमरेतून वाकून कोयता चालवणाऱ्या आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या मजुराला रसाने हुशारी वाटते, हा अनुभव खराच आहे. पण थकवा उतरणे वेगळे आणि झिजलेला गुडघा सुधारणे वेगळे. गुडघ्यावरचा भार दुसऱ्या दिवशीही तेवढाच असतो.

डाळिंब. या फळावरचे संशोधन तुलनेने बरेच आहे. त्यातील प्युनिकॅलॅजिन व इलॅजिक आम्ल या घटकांकडे लक्ष वेधले गेले ते प्रयोगशाळेतील कामामुळे: डाळिंबाच्या अर्काने कूर्चेच्या पेशींमधील दाहकारक क्रिया मंदावल्याचे आढळले. पेशींवर दिसलेला परिणाम माणसात तसाच होईल असे नाही. हे घटक आतड्यातील जिवाणूंनी मोडून त्यांचे युरोलिथिन झाल्यावर शरीरात शोषले जातात, आणि ही क्षमता सर्वांत सारखी नसते. इराणमध्ये गुडघ्याच्या संधिझिजेच्या 38 रुग्णांवर 6 आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज 200 मिलिलिटर रस घेणाऱ्यांचा ताठरपणा कमी झाला व हालचाल सुधारली. निष्कर्ष आशादायक आहे, पण एवढ्या लहान चाचणीवर सर्वसाधारण सल्ला उभा राहत नाही. आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. प्युनिकॅलॅजिन मुख्यतः सालीत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असते. कारखान्यात अख्खे फळ दाबून काढलेल्या रसात ते बरेच उतरते. घरी पापुद्रा फेकून, दाणे मिक्सरमध्ये फिरवून गाळलेल्या रसात कमी. त्यामुळे चाचणीतील रस आणि घरचा पेला एकच मानता येत नाहीत.

आंबट चेरी. जिल्ह्यात पिकत नाही. बाटलीबंद रसाची जाहिरात मात्र पोचते. अमेरिकेत 58 रुग्णांवर झालेल्या चाचणीत (2013) गुडघेदुखीवर तिचा परिणाम नकली रसापेक्षा लक्षणीय ठरला नाही.

द्राक्ष. श्रमहर गणातील उल्लेखापलीकडे या विषयात विशेष नोंद नाही.

आक्षेप व मर्यादा. रस नैसर्गिक आहे, गुण आला नाही तरी अपाय नाही, असे म्हटले जाते. हे पटण्यासारखे नाही. 200 मिलिलिटर डाळिंबरसात सुमारे 25 ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखरही वरून घातलेल्या साखरेबरोबरच धरते. मधुमेह व वाढते वजन असलेल्यांना ती बाधते, आणि वजन वाढले की गुडघाच अधिक दुखतो. वातरक्तात (गाऊट) तर उलटाच धोका आहे: फ्रुक्टोजमुळे रक्तातील युरिक आम्ल वाढते. 46,000 हून अधिक अमेरिकी पुरुषांच्या 12 वर्षांच्या पाहणीत (2008) गोड शीतपेयांबरोबर फळांच्या रसाचाही गाऊटशी संबंध दिसला. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रसातील पोटॅशियम घातक ठरू शकते. आंबट खाल्ल्याने सांधे धरतात, या विरुद्ध टोकाच्या समजुतीलाही ठोस आधार नाही.

खरे नुकसान उपचारातील विलंबामुळे होते. आमवातासारख्या दाहक विकारात सुरुवातीचे महिने वाया गेले तर सांध्याची हानी कायमची होऊ शकते. डाळिंब परवडत असेल तर आहार म्हणून दाणे चावून खावेत. पण सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे ताठ राहत असतील किंवा सूज उतरत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे आणि चालू औषध रसाच्या भरवशावर बंद करू नये.